आम्ही साथीच्या दवाखान्यातले

आमच्या साथीच्या दवाखान्यात पेशंट बरे होऊन घरी जातात, किस्से मात्र ॲडमिटच राहतात. डिस्चार्जच नाही! आई तिथे आया आहे, टेंपररी. आम्ही राहतो मागच्या क्वार्टर्समध्ये. मी नववी नापास, म्हणून मला ऐकायला वेळच वेळ.

पहिला पप्याचा. आमच्या शेजारचा. मी म्हटलं, "दम असेल तर वॉर्डामागच्या झाडाचा पेरू खाऊन दाखव!" येड्याने खाल्ला. दोन खाल्ले! मग मी हळूच म्हटलं, "गालगुंड, कांजिण्या, घटसर... तुला कुठला आवडेल?" झालं! पठ्ठ्या गॅलरीत चटई टाकून स्वतःच आयसोलेशनमध्ये. त्याची आई लांबूनच ताट सरकवायची. पाचव्या दिवशी त्याला गॅलरीतून दिसलं, त्याच झाडाखाली आमचे डॉक्टर पेरू खातायत. मीठ लावून!

सिटी बसमध्ये जागा नसली की मी एवढंच विचारते, "कंडक्टर, साथीचा दवाखाना आला का हो?" वर एक बारीक खोकला. खिडकीची सीट!

समोर आता आयटीवाल्यांचा टॉवर होतोय. फ्लॅट बघायला आलेले एक साहेब, गळ्यात कंपनीचं कार्ड, आमच्या वॉचमनना, गायकवाडकाकांना म्हणाले, "हे हॉस्पिटल इथून कधी हलवणार?"

काकांनी पेपरातून मान वर केली नाही. "प्लेगच्या वेळी मुद्दाम गावाबाहेर बांधलंय. आम्ही होतो तिथेच आहोत. गावच चालत आलं. ते परत कधी जाणार, त्याला विचारा!"

आणि चिमी. वाघोलीची, चार वर्षांची, घटसर झालेला. तिच्या आईला आत सोडत नाहीत. ती बिचारी दिवसभर खिडकीबाहेर, "म्या हितंच हाय गं!" आत चिमीच्या कुशीत फक्त एक चिंध्यांची बाहुली. पण नियम म्हणजे नियम! वॉर्डात गेलेली चिंधी बाहेर येत नाही, जाळतात.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी माझ्या आईने बाहुली जाळायच्या पोत्यात टाकली. सकाळी बघते तर गायब! तिकडे चिमी गेटवर भोकाड पसरून बसलेली, बाहुलीशिवाय हलेना. इकडे डॉक्टरांनी सगळ्यांना उभं केलं. "रोग बाहेर गेला तर? पोतं कोणाकडे होतं?"

आईकडे. आणि तिची परमनंटची ऑर्डर डॉक्टरांच्या टेबलावर, सहीसाठी!

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हक्कच आहे त्यांचा. पण आईशपथ, या वेळी मी नव्हते! आई पदराचं टोक पिळत होती. मला बघवेना. म्हटलं, "मी घेतली. तिला काही बोलू नका."

"गप्प बस," साळवी सिस्टर म्हणाल्या. यांच्या नुसत्या नजरेने पेशंटचा ताप उतरतो! "दर वेळी तूच कशी असशील?"

पर्समधून त्यांनी स्टीलचा डबा काढला. आत बाहुली. रंग पार उडालेला.

"मी नेली, डॉक्टर. घरी कुकरला लावली. पाच शिट्ट्या."

"पाच?"

"कमी वाटत असतील तर परत लावते."