कांडी खाल्लेलं कुत्रं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं लिहायची वेळ फारशी आली नाही. हे माझ्यापुरतंच लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुकांबद्दल माफ करावं.

आमची वस्ती इंदापूर तालुक्याच्या शिवेवर आहे. बाजार, दवाखाना सगळं बारामतीला. त्या दिवशी सुरू हंगामाच्या उसाची लागण चालली होती. लागणीआधी बेण्याच्या, म्हणजे लावायच्या उसाच्या, कांड्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे कीड लागत नाही. पिंपात बुडवायचं काम माझ्याकडं होतं. थोरले दीर आणि गडी सरीत कांड्या मांडत होते. माझे मालक कारखान्यावर ड्युटीला होते.

आमचं कुत्रं ऊस खातं. लहान पिल्लू असताना मी उसाचा एक करवा, म्हणजे तुकडा, सोलून दिला होता, तेव्हापासून त्याला चटकच लागली. बाकी कुणाला हे ठाऊक नव्हतं. कुत्र्याला ऊस सोलून देते म्हटल्यावर हसतील म्हणून मी गोठ्यामागं नेऊन द्यायची. त्या दिवशी मी ओल्या कांड्यांची पाटी सरीवर ओतून आले तर ते एक कांडी चावत बसलेलं. मी ओरडून काढून घेतली. निम्मी चघळून झाली होती.

मी त्याला पाणी पाजलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग तोंडातून लाळ गळायला लागली, दोरीसारखी. पाय थरथरायला लागले. मान वाकडी करून ते भिंतीला धडकलं.

दीर लांबूनच ओरडले, "पिसाळलं! पोरांना आत घ्या!"

गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर पिसाळलेलं कुत्रं वासराला चावलं होतं, त्यामुळं सगळेच घाबरलेले. एक गडी काठी आणायला पळाला. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, यानं औषध खाल्लंय. थोरल्या दिरांशी मी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर आणि जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत, लग्न झाल्यापासून असंच. सासूबाई म्हणाल्या, "आरं, आधी डॉक्टरला दाव, मग मार. मरायला टेकलेलं काय पळून जातंय व्हय?"

म्हणून पिकअप निघाली, पण औषधाचं त्यांनी दिरांना सांगितलंच नाही. दीर पुढं, मी मागच्या हौद्यात. कुत्रं बारदानात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकामागं दुसरी जोडलेली. ओव्हरटेक करायला जागा मिळेना. प्रत्येक ट्रॉलीमागं गाडी हळू झाली की मी बारदानावर हात ठेवून त्याचा श्वास बघायची. आत घरघर ऐकू यायची. ती थांबली की मी त्याला हलवून बघायची.

दवाखान्यात डॉक्टर पायरीवरच थांबले. दिरांनी सांगितलं, "सकाळधरनं पिसाळलंय साहेब. लाळ बघा."

"कुणाला चावलं?"

"अजून न्हाय."

"लस दिली होती?"

"वस्तीवरच्या कुत्र्याला कोण लस देतंय?"

डॉक्टर दोन पावलं मागं सरले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. लसीशिवायचं कुत्रं, तोंडाला फेस. ते म्हणाले, "गाडीतच राहू द्या, कुणी हात लावू नका. पिसाळलं असेल तर यावर औषध नाही." तेवढ्यात त्यांना कुणाच्या तरी गाईसाठी फोन आला आणि ते बोलत आत निघाले.

मी म्हणाले, "त्यानं औषध खाल्लंय." आवाज बाहेर आलाच नाही. मी गाडीतून उतरले आणि पुन्हा म्हणाले. या वेळी एवढ्या जोरात की बाहेर बांधलेल्या शेळ्या बिचकल्या.

डॉक्टर वळले. "कसलं औषध?"

"बेण्याचं. त्यानं कांडी खाल्ली."

दीर म्हणाले, "काय बी बोलतीय ती. कुत्रं हाय का रेडकू? ऊस कधी खाल्लाय कुत्र्यानं?"

दारातला कंपाउंडर हसला. डॉक्टरही म्हणाले, "बाई, कुत्रं ऊस खातं?"

"आमचं खातं. मी सोलून देते."

"औषधाचं नाव काय?"

ते मला माहीत नव्हतं. डब्यावर इंग्रजी होतं. मी डबा कसा होता ते सांगायला लागले, वास कसा ते सांगितलं, डॉक्टर मान हलवत होते. औषध दिरांनीच आणलं होतं. ते गाडीच्या टायरकडं बघत उभे होते. कुत्र्याची घरघर मला तिथवर ऐकू येत होती.

मी त्यांच्याकडं तोंड करून म्हणाले, "भावजी, तुमी आणलेल्या औषधाचं नाव सांगा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू भिंतच बोलली. मग नाव सांगितलं.

नाव ऐकल्यावर डॉक्टरांनी हातमोजे घातले, बॅटरी घेतली आणि लांबूनच कुत्र्याच्या डोळ्यांवर उजेड मारला. बाहुली मोहरीएवढी झाली होती. "विषबाधाच दिसतेय," ते म्हणाले. "पण खात्री देत नाही. धरणार कोण?"

कंपाउंडर हसायचा थांबला. "साहेब, मला दोन लेकरं हायेत."

"मी धरते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मलाही मोजे दिले. मी बारदानासकट त्याला कवटाळलं, मान काखेत दाबली. ते इतकं थरथरत होतं की माझे दात वाजत होते. चावलं तर चावलं, असं मला वाटत नव्हतं. मला फार भीती वाटत होती. इंजेक्शन झालं, मग थोड्या वेळानं दुसरं. डॉक्टर सारखे कुत्र्याच्या तोंडात बोट घालून बघत होते. शेवटी म्हणाले, "लाळ आटतेय." सलाईन लावलं. उन्हं कलली तेव्हा त्यानं मान उचलून माझ्याकडं बघितलं, आणि मग मला रडू आलं.

डॉक्टरांनी त्याला लसीसाठी परत आणायला सांगितलं. मलाही सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायला लावली. लाळ लागली होती, उगाच धोका नको म्हणाले.

बिल दिरांनी खिशातून भरलं. परत निघताना म्हणाले, "कुत्र्यापायी लागणीचा दिवस गेला. घरात पैशाचं झाड हाय जणू." मी म्हणाले, "मी फेडते." त्यांनी गाडी सुरू केली.

त्यानंतर घरचं आवरून मी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेले. पैसे आले की सासूबाईंच्या हातून त्यांना पोचते करायची. राहू दे, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि तेच मला बरं वाटलं. शेवटचे तेवढे मी स्वतः नेले. ते धार काढत होते. "सदऱ्यात ठेव, खुंटीवर हाय," म्हणाले. मी ठेवले. सगळे पैसे फिटले.