निजलेली तार

नागू वायरमनचा माणसांपेक्षा वायरीवर जास्त विश्वास, आणि बाईमाणसावर तर मुळीच नाही. सत्याऐंशी साली रसायनीच्या कारखान्यात रुकय्या इंजिनियर म्हणून आली, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. जवळच्या चौक गावच्या इद्रिस मेकॅनिकची ही पोर. बापाच्या गॅरेजात पाने उचलून मोठी झाली, शिकली, अन् आता म्हणे कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडणार.

जोडले की तिनं. एक टाकीपाशी, एक ऑफिसात, एक गेटवर. टाकी किती तापली ते पहिला दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, स्लॅब टाकताना घमेली पुढं द्यावीत तसं. टाकी फार तापली की गेटवरचा आपोआप भोंगा वाजवायचा. एवढ्यावर थांबावं की नाही? तर बाईनं टाकीपासून थेट गेटपर्यंत आणखी एक तार ओढली.

"ती कशाला गं?" नागूनं विचारलं.

"ऑफिसातला बंद पडला तर निरोप तिकडून जाईल, काका. एरवी ती निजलेली. दोन्ही वाटा एकदम उघड्या ठेवल्या तर तोच निरोप गोल गोल फिरत बसतो. तिला कधी उठवायचं ते कॉम्प्युटरच आपसांत ठरवतील, तसं मी लिहून ठेवलंय."

नागू हसला. साहेबही हसले आणि त्याला म्हणाले, "फुकटचा खर्च. काढून टाक ती." नागूनं आळसानं आज-उद्या केलं.

खंडेनवमी आली. पूजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, हा नागूच्या घरचा नेम. त्यानं ऑफिसातला कॉम्प्युटर गुपचूप बंद केला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. टाकी मात्र चालूच; ती बंद ठेवणं साहेबांना कुठलं परवडायला? टाकीवरचा माणूस ऑफिसात प्रसादाला आला होता, आणि टाकीपाशी नागूची बायको येसूबाई चार बायांबरोबर रांगोळी काढत बसली होती.

अचानक गेटवरचा भोंगा वाजला. बाया उठून पळाल्या. त्या गेटाबाहेर पोचतात न पोचतात तोच टाकीचं झाकण उडालं आणि रांगोळीवर उकळतं रसायन पसरलं.

येसूबाईला धडधाकट बघून नागू ऑफिसात परतला. तिथला पडदा काळाच होता. मग गेटवर निरोप गेला कुठून? त्या निजलेल्या तारेतून, हे त्याला उमगलं.

तो रुकय्याकडं गेला. "पोरी, ऑफिसातलं मशीन मीच बंद केलं व्हतं. ती तार कापली असती तर माज्या हातानं येसूला मारलं असतं मी. तुला पक्कं ठाव व्हतं ना, ती उठंल म्हणून?"



"नव्हतं," रुकय्या म्हणाली. "एकदा ऑफिसातला बंद करून बघू द्या, म्हणून महिनाभर साहेबांच्या मागे लागले होते. त्यांनी बघूच दिलं नाही. ती आज पहिल्यांदा उठली, काका."