मागच्या पट्ट्यावरचा चिखल

ही गोष्ट मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेली नाही. बायकोच्याही नाही — आणि बायकोपासून सात वर्षं एखादी गोष्ट लपवणं म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखत असता तर कदाचित सांगितलं नसतं.

मी संशयी माणूस आहे. आधी हे मान्य करून टाकतो. वांगं घेताना देठ उचलून पाहतो. टरबूजवाला ‘लालच निघेल’ म्हणाला की पुढच्या ढिगाकडे जातो. कोणी विनाकारण दोनदा नमस्कार केला तर याला काय पाहिजे असेल, हा विचार आधी येतो. शाळेत बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. बाटलीवर जे लिहिलंय ते आत आहेच, असं कधी धरून चालायचं नाही, हीच तिथली शिकवण. ती मी घरी आणली आणि घरच्यांना छळलं.

पण या खोडीने मला मानही दिला. एकदा एका नातेवाइकाची जुनी गाडी बघायला गेलो होतो. सहज म्हणून शाळेतलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून नेलं होतं. ते दारावरून फिरवलं, तर कुठेच चिकटेना. म्हणजे रंगाखाली पत्रा कमी आणि भरलेली पुट्टीच जास्त. गाडी कुठेतरी जबर ठोकलेली होती. तेव्हापासून आमच्या पिपरी मेघे गावात कोणालाही जुनी गाडी घ्यायची असली की मला बरोबर नेऊ लागले. मी मेकॅनिक नाही, साधं पंक्चरही मला काढता येत नाही. पण खोट कुठे असते ते शोधता येतं. शाळेत मला सगळे ‘भाऊ’ म्हणत. ‘सर’ म्हणायचे ते फक्त गाडी घेणारे. हे किती क्षुल्लक वाटतं, नाही? मला ते क्षुल्लक वाटत नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं.

त्या हिवाळ्यात शेजारच्या दिलीपला गाडी हवी होती. हिंगणीला गुणवंतराव म्हणून भाजीवाले शेतकरी आहेत, त्यांची पांढरी छोटी गाडी विकायची होती. दहा वर्षांची. ती त्यांनी आपल्या साळ्याकडून घेतलेली — म्हणजे शकुनबाईंच्या, त्यांच्या बायकोच्या, सख्ख्या भावाकडून. त्या भावाचं जाम गावात, चौरस्त्यावर हॉटेल आहे. आता भाजीसाठी मालवाहू गाडी घ्यायची म्हणून ही काढायची, असं त्यांचं म्हणणं. दिलीप, दिलीपचा मेव्हणा आणि मी असे तिघं सकाळीच गेलो.

माझी एक अट असते. मी येण्याआधी इंजिन सुरू करायचं नाही. गरम इंजिन खोटं बोलतं. थंड इंजिन खोकतं, धूर सोडतं, सगळं कबूल करतं. लोक ‘हो’ म्हणतात आणि तासभर आधी गाडी तापवून ठेवतात. मी बॉनेटवर हात ठेवला — गारठलेलं. गुणवंतरावांनी खरंच हात लावला नव्हता. तुम्हाला सांगतो, मला ते आवडलं नाही. इतका सरळ माणूस? कुठेतरी पाणी मुरत असणारच.

मग मी झपाट्याने कामाला लागलो. लोहचुंबक फिरवलं, सगळीकडे चिकटलं. दाराचं रबर उचकटून पाहिलं, आतली जोडणी कारखान्यातल्यासारखी. तेलाचं झाकण उघडलं, त्याला साय नाही, फेस नाही. पायाखालचं कापड उचलून हुंगलं, कुबट वास नाही. डॅशबोर्डखालचे स्क्रू टॉर्च लावून पाहिले, एकालाही गंज नाही. गाडी एका चावीत सुरू झाली आणि खोकली नाही. मधेच चहा आला, तोही प्यायलो.

शेवटी मागच्या सीटचे पट्टे राहिले होते. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुतात, चकाचक करतात, पण पट्ट्याचा जो भाग आत गुंडाळलेला असतो तो धुवायचं कोणाला सुचत नाही. म्हणून पट्टा शेवटपर्यंत ओढायचा आणि आतली टोकाची वीत बघायची. मी डावीकडचा ओढला. बाहेरच्या भागाला काळा चिखल होता, वाळलेला. चांगला हातभर. आणखी ओढत गेलो — आणि आतला भाग कोरा. नवाकोरा. सीटच्या फटीत सांभाराच्या काड्या अडकल्या होत्या. तुम्ही त्याला कोथिंबीर म्हणाल. म्हणजे काय, ते समजायला फार हुशारी लागत नव्हती. शेतातून उपटलेल्या ओल्या जुड्या मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधत असत. चिखल शेतातला होता; पुराचा असता तर आतही असता.

हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हे वाक्य मी जरा सावकाश लिहितो आहे — कारण मनात मी बरेचदा ते बदलून पाहिलं आहे. कदाचित नीट दिसलं नसेल, कदाचित घाई असेल. नाही. लख्ख दिसलं होतं.

मी पट्टा सोडला, तो सर्रकन आत गेला. बाहेर आलो. दिलीप माझ्या तोंडाकडे बघत उभा. आणि त्याचा मेव्हणा हसून म्हणाला, “काय सर, आज काईच नाई निघून राह्यलं? चहा लय गोड होता वाटते.”

एवढंच. थट्टाच होती. पण माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. गाडी चांगली आहे म्हणालो तर हे गावभर सांगणार — सर चहावर फुटले. ज्याला काहीच सापडत नाही त्याने नीट पाहिलं असेल, असं कोण म्हणतं? मी स्वतः म्हटलं असतं का? नसतं. मला माझ्यासारख्याच माणसांची भीती वाटली.

मी दार पुन्हा उघडलं, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि तोच पट्टा ओढला. अर्धाच. चिखल दिसेल इतकाच. आणि म्हणालो, “ही गाडी पाण्यात बुडलेली हाय.”

गुणवंतरावांनी चिखलाला बोट लावून पाहिलं, जसं काही तो चिखल ते पहिल्यांदाच बघत होते. “आमच्या घरी आल्यापासून त पाणी नाई लागलं इले,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, बायकोकडे बघत — “मंग जामलेच लागलं असन.”

शकुनबाई दारात कपबश्या उचलत होत्या. “माहा भाऊ असा नाई,” एवढं म्हणून त्या आत गेल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी एका गाडीवर खोटं बोललो होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते एका माणसावर जाऊन बसलं. भावाचा तर मी विचारही केला नव्हता! पण शब्द तोंडातून गेला होता आणि दिलीपचा मेव्हणा माझ्याकडे आदराने बघत होता. आम्ही निघालो.

गावात माझं नाव झालं. सरांनी पट्टा ओढून पूर काढला, अशी गोष्ट न्हाव्याच्या दुकानात मलाच ऐकायला मिळाली. मी मान हलवून दाढी करून घेतली.

दोन वर्षांनी गुणवंतराव माझ्या दारात उभे. हातात वांग्यांची पिशवी. मला वाटलं, भांडायला आले, किंवा कोणीतरी काहीतरी सांगितलं. पण ते आले होते मला न्यायला. मालवाहू गाडी बघायची होती आणि त्यांचा विश्वास फक्त माझ्यावर. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. जामला जाऊन साळ्याला जाब विचारला. साळ्याने शपथा घेतल्या, यांनी ऐकल्या नाहीत. मग तोही तापला, बहिणीला नको ते बोलला. येणं-जाणं तुटलं. दोन भाऊबीजा शकुनबाई माहेरी गेल्या नव्हत्या. “तुमच्यामुळं मानूस वळखू आला, सर,” ते म्हणाले. “नाईतर आमी आंधळेच राह्यलो असतो.”

मी वांगी ठेवून घेतली. बायकोने भरून केली. देठ उचलून पाहायचं मला त्या दिवशी सुचलं नाही.

आम्ही गेलो ते त्याच पांढऱ्या गाडीतून. ती विकलीच गेली नव्हती. पुरातली गाडी घेणार कोण? मी पुढे बसलो, शकुनबाई मागे. गाडी सुरेख चालत होती. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, अगदी हळू. “सर, मी जुड्या बांधत होती त्या पट्ट्यानं. तोच चिखल नसन काय?”

आता खरं सांगायचं तर — इथपर्यंत जे सांगितलं ते मी कधीतरी कोणाला सांगूही शकलो असतो. मेव्हण्याने डिवचलं, तोंडातून गेलं, माणूस आहे, चुकतो. पण हे नाही. इथे कोणी डिवचलं नव्हतं. एक बाई मला उत्तर सांगत होती. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तिला तिचा भाऊ परत मिळाला असता.

मी मागे वळूनही पाहिलं नाही. “तो चिखल येगळा असते, वहिनी,” मी म्हणालो. सरांच्या आवाजात. गुणवंतराव हसून म्हणाले की हिला भावाचाच पुळका.

त्यानंतर मी गाड्या बघायला जाणं सोडलं. गुडघे दुखतात असं सांगतो. ते काही प्रायश्चित्त नाही. हे लिहितानाही मला माझाच संशय येतो — कबूल करणारा चांगला दिसतो, म्हणून तर लिहीत नाही ना? असेलही.

परवा बाजारात शकुनबाई दिसल्या. दिवाळी जवळ आलेली, गर्दी होती. ती गाडी कडेला उभी करून त्या मागच्या दारातून सांभार काढत होत्या. मी वळून जाणार होतो, पण त्यांनी हाक मारली. जवळ गेलो. त्यांनी जुड्या बाजूला सारल्या आणि पट्टा धरून ओढायला लागल्या. ओढतच गेल्या, पुढे ओढेना तोवर. मग ते आतलं टोक माझ्यासमोर धरलं.

“आत त कोरा हाय, सर,” त्या म्हणाल्या. “यायले दाखवलं. हे म्हनते, सरायले आपल्याहून जास्त समजते.”

त्या वाट बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या; रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी पट्ट्याकडे पाहिलं आणि एक जुडी मागितली. त्यांनी दिली. मी घरी आलो.

तुम्हाला सांगितलं. त्यांना अजून नाही. भाऊबीज आठ दिवसांवर आहे. हिंगणीहून जाम दीड-दोन तासांची वाट. गाडी चांगली आहे. मी पाहिली तेव्हाही चांगलीच होती.