लंकाबाईच्या मुठीचं माप

कुकरची शिट्टी होईना, तेव्हा योगिनीने झाकण उघडून पाहिलं. रिंग गायब होती.

"अहो, रिंग कुठेय?"

"पेल्याला बसवली," निवृत्ती गच्चीवरून म्हणाला. "अगदी मापात बसली."

"मग वरणही पेल्यातच शिजवा."

निवृत्ती सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर होता. दिंडोरीजवळ त्याच्या थोरल्या भावाची द्राक्षबाग होती. मणी फुगावेत म्हणून तिथे एकेक घड संजीवकाच्या पाण्यात बुडवावा लागे. मजूर बायका मगाने बुडवत आणि अर्धं पाणी कोपरावरून ओघळून मातीत जाई. निवृत्तीने लांब दांड्याचं एक भांडं केलं, काठाला आतून रबरी रिंग. घड बाहेर येताना रिंग पाणी निपटून घेई. त्यालाच तो पेला म्हणे. तो पहिला पेला त्याने भावाच्या बागेतल्या लंकाबाईला दिला आणि पुढच्याच्या मागे लागला.

ही १९९८ची गोष्ट. दोन वर्षांनी एका सरकारी योजनेतून त्याला पहिला हप्ता मिळाला. पन्नास पेले करायचे, बागेत वापरून बघायचे. तपासणीत ते उतरले, तर प्लॅस्टिकच्या साच्यासाठी दुसरा हप्ता. साच्यावरच सगळं अडलं होतं. लेथवर एकेक करून किती होणार? आणि बाजारात माल नाही, तर साच्याच्या कर्जासाठी बँक दारात उभं करत नव्हती.

दसऱ्याला पन्नास पेले पाटावर मांडून निवृत्तीने हळदकुंकू वाहिलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून परत खोक्यात ठेवले. "तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या हातून सुरुवात होऊ दे."

"साड्या आहेत का त्या, त्यांनी घडी मोडायला?" योगिनी म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

डिसेंबरात तपासनीस बागेत आले. त्यांनी खोकं उघडलं. पेल्यांवर कुंकू वाळलेलं होतं.

"किती घड बुडवले यांनी?"

निवृत्ती बोटाने एका पेल्यावरचं कुंकू पुसू लागला.

"वापरून बघा, असं पत्रात होतं ना? आता मी काय लिहू?" त्यांनी फाईल मिटली.

चहा घेऊन आलेली योगिनी थांबली. "जुना दाखवा की. लंकाबाईकडचा."

लंकाबाई ओळीत काम करत होती. तिच्या पेल्याचा दांडा अर्धा कापलेला, त्याला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. रिंगला जागोजाग चिरा. निवृत्तीचा चेहरा उतरला. साहेबांनी मात्र चष्मा लावला.

"ही रिंग कुणी कापली?"

"म्याच. घड अडकायचा, मणी गळायचे. इळ्यानं चिरा पाडल्या."

"आणि दांडा?"

"निवृत्तीभाऊंनी त्यांच्या हाताचा केलाय. बाईची मूठ नाय बसत त्यात."

"मग भाऊंना सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?"

साहेबांनी नवे पेले तिथेच चार जणींना वाटायला लावले. तासाभरात तिघींनी परत आपले जुने मग उचलले. निवृत्ती बांधावरून बघत होता.

"हा जुना मला कमिटीला दाखवायला द्या," साहेब लंकाबाईला म्हणाले.

"ओळ संपू द्या. तवर बसा."

साहेब बसले. चहा गार झाला तरी लिहीत राहिले.

फेब्रुवारीत पत्र आलं. साच्याला मंजुरी मिळाली होती, अट एकच: साचा लंकाबाईच्या वापरातल्या पेल्यावरून करायचा. निवृत्तीने पत्र योगिनीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, तेव्हा तिने विचारलं, "मूठ मोजलीत का तिची?"

रविवारी तो मोजपट्टी, व्हर्नियर आणि वही घेऊन बागेत गेला.

"बांगड्या भरताय का, भाऊ?" लंकाबाईने हात पुढे केला.

"हलू नका हो, चुकतंय."

"अन् माझ्या एकटीचं काय घेता? ती फुलाबाई बघा, केवढासा हात तिचा. मी धरीन ते तिला धरवायचं नाय."

निवृत्तीने ओळीकडे पाहिलं. दहा-बारा जणी कामं सोडून बघत होत्या. त्याने वहीचं नवं पान उघडलं.

"या बरं, एकेक जण."