बदामी दोऱ्याचा लसूण

तापानंतर शिंप्याला वास येईनासा झाला. जिरं काय, कोथिंबीर काय, सारं पाण्यासारखं. वीस वर्षं घरातली फोडणी त्याचीच, आणि ती वासावर चालायची. दोनदा लसूण करपला, तशी त्याने चूल बायकोकडे सोपवली आणि शिवत बसला.

थोरली बहीण राहायला आली होती. ती म्हणाली, "अरे, नाक रुसलं, पण डोळे आहेत ना जागेवर?"

दुसऱ्या दिवशी तो बदामी दोऱ्याचं रीळ घेऊन स्वयंपाकघरात शिरला. मोहरीची तडतड त्याने कान देऊन ऐकली. ती ओसरल्यावर जिरं टाकलं, मग लसूण. रीळ कढईशेजारी धरून, गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळवावा तसा तो पाकळ्यांचा रंग जुळवत राहिला. जुळताच त्याने शिजलेली डाळ ओतली.

"आता फोडणीचंही माप घ्या!" बायको हसली.

बहिणीने घास घेतला. शिंपी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"लसूण अगदी नेमका जमलाय," ती म्हणाली. "पण शहाण्या, मीठ कोण घालणार?"

बायकोने मिठाची बरणी पुढे सरकवली. "उद्याची भाजीही तुम्हीच करा."

"करतो की," शिंपी म्हणाला, आणि वरून मीठ घेऊन तिघंही पोटभर जेवली.