दोन विहिणी आणि कोपनहेगन

मुलगी झाली त्या वर्षी आम्ही हॉलंडमध्ये फेल्डहोवनला राहत होतो. नवरा तिथेच इंजिनिअर होता आणि मी बाळंतपणासाठी घरी. आधी सांगलीहून माझी आई आली आणि ती परत जायच्या आत पुण्याहून सासूबाईही आल्या. आईने उभा जन्म शाळेत भूगोल शिकवलेला, सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. लग्नातल्या मानपानापलीकडे दोघींची फारशी ओळख नव्हती. आता महिनाभर त्या एकाच छपराखाली राहणार, याची मला जरा धास्तीच होती.

त्या भांडल्या नाहीत. उलट एकमेकींना इतकं जपायच्या की घरातलं काही म्हणता काही ठरेना. आमटी करायची की पिठलं, एवढं विचारलं तरी आई म्हणे, विहीणबाई म्हणतील तसं. सासूबाई म्हणत, छे, तुम्ही आधी आलात, तुम्हीच सांगा. शेवटी कंटाळून मीच काहीतरी शिजायला टाकायची.

मे महिन्यात नवऱ्याला जोडून सुट्टी आली. पॅरिसची गर्दी एवढ्याशा बाळाला झेपायची नाही, म्हणून त्याने कोपनहेगन सुचवलं. वाचनालयातून जाडजूड गाइड आणलं, ऑफिसातून नकाशे छापून आणले आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळं टेबलावर पसरलं. राजवाडा, कालव्यातली फेरी, समुद्रकाठचा जलपरीचा पुतळा, दोन-तीन संग्रहालयं. काय काय बघायचं, असं त्याने विचारलं. आईने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी आईकडे. असं दोन-तीन संध्याकाळी चाललं. एकदा तो वैतागून मला म्हणाला, सहलच नको, घरी बसून भजी खाऊ.

मग एक दिवस तो जायच्या वाटा वाचून दाखवत होता. विमानाने गेलं तर तासाभरात पोचतो. आगगाडीने सगळा दिवस जाणार, हाम्बुर्गला गाडी बदला, आणि पुढे समुद्र आडवा येतो तिथे अख्खी गाडीच बोटीत चढते. बाळाला घेऊन एवढे उपद्व्याप कोण करणार, असं म्हणून त्याने पान उलटलं.

आईने त्याचा हात धरला. "थांबा जरा. गाडी बोटीत चढते म्हणजे? आपण आत बसलेलो असताना?"

"हो. मग उतरून वर डेकवर जायचं."

"विमान नको," सासूबाई म्हणाल्या.

"नकोच," आई म्हणाली.

दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

त्यानंतर सहल आमच्या हातात राहिलीच नाही. दुपारी बाळ झोपलं की त्या नकाशा घेऊन बसत. गाडी कुठे समुद्रात शिरते, पलीकडे कुठे बाहेर पडते, हे आई बोटाने दाखवी. सासूबाईंनी संग्रहालयं एका दमात उडवली. शिदोरीवरून तर चक्क वाद झाला. आईला दशम्या हव्या होत्या, सासूबाईंना तिखटमिठाच्या पुऱ्या. पुऱ्यांनी बाळाचे कपडे तेलकट होतील, असं आईने तोंडावर सांगितलं. सासूबाईंनीही ऐकून घेतलं नाही. मी आतल्या खोलीत बाळाला पाजत होते. दोघींचे चढलेले आवाज ऐकून मला इतकं हायसं वाटलं की बाहेर जाऊन मिटवायचा विचारसुद्धा मनात आला नाही. शेवटी दोन्ही झालं.

धक्क्यावर गाडी अगदी सावकाश झाली आणि ट्रकांच्या शेजारून बोटीच्या पोटात शिरली. खिडकीबाहेर अंधारलं तशी आईने सासूबाईंचा हात घट्ट धरला. वर डेकवर भन्नाट वारा होता. सासूबाईंची एकच शाल दोघींनी अंगाभोवती ओढून घेतली आणि कठड्याशी उभ्या राहिल्या. काय बोलत होत्या, वाऱ्यात ऐकू आलं नाही. खाली चलायची सूचना झाली तरी हलेनात, नवऱ्याला जाऊन आणावं लागलं.

कोपनहेगनला पाऊस भेटला. जलपरी बघून सासूबाई म्हणाल्या, "फोटोत मोठी दिसते." राजवाड्यासमोर बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. परतीच्या गाडीत समुद्राच्या बाजूची खिडकी मिळेल का, याचीच दोघींना काळजी.

पुढे दर उन्हाळ्यात त्या मिळून कुठे ना कुठे जायच्या. कधी हंपी, कधी गणपतीपुळे. आईचं पित्त वाढलंय, हे मला सासूबाईंच्या फोनवरून कळायचं. आता ते फेल्डहोवनचं छोटं जेवणाचं टेबल आठवलं की त्यावर वाकलेली दोघींची डोकी दिसतात, एक पांढरं, एक कलप लावलेलं.

सासूबाई गेल्या तेव्हा आई पुण्याला आली आणि सगळे दिवस होईपर्यंत राहिली. भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, तुम्ही त्यांच्या कोण? आईने एकदाही विहीण म्हणून सांगितलं नाही. मैत्रीण म्हणायची आणि पाणी आणायला आत जायची.