रेडिओच्या मागून

जयदेवकाकांना फुकटाची भारी हौस, असं लोक हसून म्हणत. मला राग यायचा. आमच्या बेटावर, नुव्हेल फ्रांस गावच्या चहा कारखान्यात पानं तोलणाऱ्या माणसाला इंग्रजी विकत कुठून परवडणार? १९७४ साली त्यांनी लंडनच्या रेडिओला पत्र टाकलं आणि इंग्रजी उच्चारांचं पुस्तक घरपोच आलं, बिनपैशाचं. त्यात ओठांची, जिभेची चित्रं होती. त्याचेच धडे आठवड्यातून तीन संध्याकाळी रेडिओवर लागत.

देवळाच्या खोलीत आमचा वर्ग भरे. काकांची मुलगी विद्यावती, मी आणि गावातल्या आणखी चार मुली. रेडिओवरचा साहेब एक वाक्य म्हणे आणि थांबे. तेवढ्यात आपण ते तस्संच म्हणायचं, हा काकांचा नियम. पावसात खरखर वाढली की काका लिचीच्या झाडावर चढून रेडिओची तार आणखी उंच बांधत. पन्नाशीचा माणूस! खालून आमचा जीव टांगणीला.

क्रेओल या बेटावरच्या बोलीच्या वळणाने आमच्या जिभा 'शिप'चं 'सीप' करत. विद्यावतीची जीभ मात्र वर्षभरात अशी वळली, की डोळे मिटले तर रेडिओच बोलतोय असं वाटे. माझी ढिम्म हलली नाही.

मग इंग्लंडातल्या इस्पितळांत नर्सिंग शिकायला मुली निवडायला एक गोरी मॅडम जवळच्या क्युरपिप शहरात आली. निवड झाली नाही तर विद्यावतीला आईबरोबर चहाच्या मळ्यात पानं खुडायला जावं लागणार होतं. तेवढ्यासाठीच तर काकांनी हा सगळा खटाटोप मांडला होता.

"मॅडम उच्चार बघनार, दुसरं काय नाय," काका बसमध्ये तिला सांगत होते. "पा पेर, भिऊ नको. ती बोलंल तसं बोल."

विद्यावती आत गेली. काका आणि मी बाहेर बाकावर; तिच्यानंतर माझा नंबर होता. खिडकी उघडी होती. मॅडमने इंग्रजीत विचारलं, "तुला नर्स का व्हायचंय?"

विद्यावतीने तोच प्रश्न सुंदर उच्चारात परत म्हटला आणि थांबली.

मॅडमने पुन्हा, सावकाश विचारलं. हिने पुन्हा, सावकाश म्हटलं.

काका ताडकन उठले. दारावर थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. कसला धाक तो! शिकवणारे हे, चूक यांची, आणि दार ढकलायची हिंमत नाही. ते परत येऊन बसले.

"वत्सला," ते माझा हात धरून पुटपुटले, "तू मॅडमच्या मागनं नको म्हनू. तुझं तू बोल."

विद्यावती हसतच बाहेर आली. "एक शब्द नाय चुकला, पापा!"

"ब्रावो, बेटी," काका म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मी आत जाऊन मोडकंतोडकं, 'सीप'च्या वळणाचं, पण माझं माझं बोलले.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र मला आलं. ते घेऊन मी काकांकडे गेले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. विद्यावतीने मला मिठी मारली, खूप रडली. मग डोळे पुसून पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

"माजेच उच्चार कमी पडले आसतील, पापा. परत पैल्यापासनं करू."

खरं काय ते काकांना ठाऊक होतं, मलाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रेडिओ पुढे ओढला आणि लावला.